वडिलांची पलटण आणि गावची नावे

(सैनिक-कुटुंबे, शिक्षक आणि ग्रामस्थ यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



जुन्या मुंबई इलाख्यातील कित्येक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा वेशीच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसविलेली दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण वेचले, एवढाच मजकूर तिच्यावर इंग्रजीत कोरलेला असतो. पाटी त्या वेळच्या सरकारने लावलेली आहे. भिंत रंगविताना तिच्यावर चुन्याचे ओघळ येतात, निवडणुकीच्या दिवसांत तिच्यावर कागद चिकटतात आणि गाव रोज तिच्यासमोरून ये-जा करते. पाटीवर आकडा असतो. नाव एकाचेही नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत तर बहुतेक गावांत हा आकडादेखील कोठे कोरलेला नाही.

वस्तुतः १९३९ ते १९४५ या काळात हिंदी लष्कराची संख्या वाढत वाढत २५ लाखांपर्यंत गेली होती आणि अविभाजित भारताच्या ८७,००० हून अधिक सैनिकांनी त्या युद्धात प्राण गमावले. त्यांत मराठी मुलखातील माणसे किती होती, याचे उत्तर गावोगावी शोधावयास हवे. हा शोध कोणी घ्यावयाचा, असा प्रश्न पडतो. सरकारी दप्तरात पलटणी आहेत, क्रमांक आहेत, तारखा आहेत. परंतु अमुक शिपाई म्हणजे वरच्या आळीतला कोण, हे दप्तरास ठाऊक नाही. ते ठाऊक आहे घराला. आणि ज्या घरातील वडील त्या युद्धातून परत आले, त्या घरातील मुलामुलींची वये आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. ‘आमचे वडील लढाईत होते’ एवढे वाक्य त्यांच्यापाशी आहे. कोठे होते, कोणत्या पलटणीत होते, त्यांच्याबरोबर कोण होते आणि त्यांतील परत कोण आले नाही, हे बहुधा नाही.

वडिलांची पलटण शोधण्याचे काम हे म्हणूनच केवळ एका घराचे काम नव्हे. वडील परत आले म्हणून मुले जन्मली. जे परतले नाहीत त्यांच्यापैकी अनेक जण अविवाहित तरुण होते. त्यांचा शोध घेण्यास कोणी उरलेले नाही. वडिलांच्या पलटणीचा माग काढणारा मुलगा किंवा मुलगी त्या दप्तरापाशी पोहोचते, तेव्हा त्याच पानावर या निःसंतान मृतांची नावे सापडतात. ती उतरून घेणारे दुसरे कोणी येण्याचा संभव फार थोडा आहे.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. ते युद्ध परक्या सत्तेचे होते. देश स्वतंत्र करण्यासाठी तुरुंगात गेलेल्यांच्या स्मरणाशेजारी साम्राज्यासाठी मेलेल्यांचे स्मरण का करावे, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. परंतु युद्ध कोणाचे, हा निर्णय पलटणीतील शिपायाच्या हाती नव्हता. कोरडवाहू जमीन, डोक्यावरचे कर्ज, घराण्यात चालत आलेली फौजेची नोकरी आणि महिन्याच्या महिन्यास घरी येणारी मनिऑर्डर ही त्याच्या भरतीची कारणे होती. त्याचे स्मरण करणे म्हणजे साम्राज्याचा गौरव करणे नव्हे. त्याला नावाने ओळखणे एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि साम्राज्याने नेमके तेवढेच करावयाचे राहू दिले होते.

शोधाचा आरंभ घरातील पत्र्याच्या ट्रंकेपासून होतो. लष्करातून सुटताना मिळालेले डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पदके, पदकांच्या विटलेल्या फिती, गणवेशातील छायाचित्र, परदेशातून आलेले एखादे पत्र, यांपैकी काहीही क्षुल्लक समजू नये. या सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे रेजिमेंटचा क्रमांक. नावापेक्षाही क्रमांक महत्त्वाचा. गणपत पवार किंवा रामचंद्र सावंत या नावाचे शिपाई एकाच पलटणीत चार-चार असू शकतात; एका रेजिमेंटमध्ये तो क्रमांक मात्र एकाच माणसाचा असतो. पहिल्या महायुद्धातील पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. पदक घासून लखलखीत करण्याच्या उत्साहात ही अक्षरे झिजतात, म्हणून घासण्यापूर्वी ती वाचून लिहून ठेवावीत. दुसऱ्या महायुद्धातील तारांकित पदकांवरून शिपाई कोणत्या रणक्षेत्रात होता ते कळते. इटली स्टारची फीत तांबड्या, पांढऱ्या आणि हिरव्या पट्ट्यांची, म्हणजे इटलीच्या ध्वजाच्या रंगांची आहे. आफ्रिका स्टारची फीत वाळूच्या रंगाची असून तिच्या मध्यभागी तांबडा पट्टा आहे. बर्मा स्टारच्या फितीत मध्ये तांबडा, दोन्ही बाजूंस गडद निळा आणि त्यांत नारिंगी रेघ असते. पदक हरवले आणि फितीचा तुकडा उरला, तरी तो तुकडा बोलतो.

ट्रंक रिकामी निघाली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे वळावे. दुसऱ्या महायुद्धातील ज्या सैनिकांना निवृत्तिवेतन नव्हते त्यांना व त्यांच्या विधवांना अनेक राज्य सरकारांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. त्यासाठी केलेल्या अर्जांसोबत सेवेचा पुरावा जोडावा लागत असे. आईने काही वर्षांपूर्वी असा अर्ज केला असेल तर वडिलांचा क्रमांक त्या फायलीत असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्यानंतर रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने या भागातील लोकांना ते दूर नाही. मात्र तेथून निराशा पदरी आली तर कोणावर रोष धरू नये. निवृत्तिवेतन न घेता सुटलेल्या सैनिकांची कागदपत्रे २५ वर्षांनंतर आणि निवृत्तिवेतनधारकांची ५० वर्षांनंतर नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे. युद्ध संपताच १९४६ च्या सुमारास हजारो शिपाई घरी पाठविले गेले, त्यांतील बहुतेकांची वैयक्तिक कागदपत्रे या नियमानुसार गेलेली असणार. माणसाचा कागद गेला तरी पलटणीचा कागद राहतो. पुढचा मार्ग म्हणून पलटणीवरून जातो.

पलटण ओळखण्यात बहुतेकांची गफलत होते. ‘वडील मराठा रेजिमेंटमध्ये होते’ एवढ्याने भागत नाही. रेजिमेंट ही अनेक पलटणींची जननी. लढाईत जाते ती पलटण. जुन्या कागदावर ‘३/५’ असा अपूर्णांक दिसला की पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण, असे वाचावयाचे. शिपायांच्या तोंडी ती नुसती ‘तीन-पाच’. काही घरांत अपूर्णांक विसरला जाऊन टोपणनाव तेवढे राहिले आहे. आजोबा ‘जंगी पलटणी’त होते असे सांगितले जाते, ती पहिली पलटण, पूर्वीची १०३ वी. ‘काळी पाचवी’ म्हणजे दुसरी पलटण, पूर्वीची १०५ वी. १९२२ साली हिंदी लष्कराची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या सहा मराठा पलटणींची ही एक रेजिमेंट करण्यात आली. ११० वी तिसरी झाली, ११६ वी चौथी आणि ११७ वी पाचवी. ११४ वी शिक्षण-पलटण म्हणून दहावी ठरली. याच ११४ व्या पलटणीने ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस टायग्रिस नदीकाठी शरकात येथे निकराची झुंज दिली. बेळगावच्या केंद्रात शरकातचे नाव आजही ऐकू येते त्याचे कारण हे आहे. आणखी एक बारीकशी बाब: ‘मराठा’ हा शब्द त्या काळी इंग्रजीत ‘ह’ घालून, जवळपास ‘महरट्टा’ असा लिहीत. आजच्या स्पेलिंगने जुन्या यादीत शोधू जाणाऱ्यास काहीच सापडत नाही आणि तो नाउमेद होऊन परततो.

उदाहरणादाखल तीन-पाच याच पलटणीचा प्रवास पाहू. तिचे पूर्वरूप ११० वी मराठा पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडली होती. डिसेंबर १९१५ मध्ये पडलेला तो वेढा उपासमारीने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीत संपला आणि सुमारे १३,००० लोक तुर्कांचे कैदी झाले. त्यांतील असंख्य हिंदी शिपाई वाळवंटातील कूचात आणि रेल्वेच्या कामावर मेले. पलटण नव्याने उभी करावी लागली. पंचवीस वर्षांनी, मार्च १९४१ मध्ये, हीच पलटण तीन-पाच म्हणून इरिट्रियातील केरनच्या डोंगरांत इटालियन फौजेसमोर उभी होती. तेथे १५ मार्चच्या रात्री ‘पिनॅकल’ नावाचा सुळका काबीज करण्याचे काम लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड यांच्या हाताखाली या पलटणीने, सरहद्दीवरील एका पलटणीच्या काही कंपन्या सोबत घेऊन, पार पाडले. खडा चढ, वरून गोळीबार आणि अंधार अशी ती रात्र होती. दुसऱ्या महायुद्धातील लहान लढायांमध्ये या चढाईची गणना फार वरची केली जाते. २७ मार्च रोजी केरन पडले. सह्याद्रीतील घाटमाथ्यांवर वाढलेल्या पोरांना डोंगर नवा नव्हता, असे कौतुकाने म्हटले जाते. परंतु डोंगर ओळखीचा असला म्हणून वरून येणारी गोळी चुकत नाही, हेही तितकेच खरे.

तेथून आफ्रिकेचे वाळवंट आणि पुढे १९४४ साली इटली. दहाव्या हिंदी डिव्हिजनमध्ये तीन-पाच होती. या डिव्हिजनचे सेनापती तेच डेनिस रीड होते. मधल्या काळात ते शत्रूचे कैदी होऊन निसटून आले होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी या पलटणीच्या एका कंपनीने शत्रूच्या ठाण्यावर हल्ला चढविला. एका सेक्शनचे नायक होते नाईक यशवंत घाडगे, त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील माणगावजवळच्या पळसगावचे, वय २२ वर्षे. अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधील इतर सर्व जण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा गारद केला, टॉमी गनने आणखी एकास टिपले आणि मॅगझीन बदलण्यास अवसर नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने लोळविले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह सापडला नाही. नाव कॅसिनो येथील स्मारकावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ च्या जुलै महिन्यात इटलीतील माँटोने या गावी तेथील लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यघडीच्या रूपात स्मारक उभारले.

घाडगे यांचे नाव राहिले, ते राहावयासच हवे. परंतु ‘सेक्शनमधील इतर सर्व जण ठार किंवा जखमी झाले’ या वाक्यापाशी जरा थांबावे. हे इतर सर्व जण कोण? तेही कोणत्या तरी पळसगावचे, कोणत्या तरी वाडीचे होते. शौर्यपदकाच्या प्रशस्तिपत्रात त्यांची नावे येत नाहीत. पलटणीची युद्धरोजनिशी म्हणून जो कागद असतो, त्यातही ती सहसा नसतात. ही रोजनिशी पलटणीतील अधिकारी लढाई चालू असता दिवसाच्या दिवशी लिहीत. दुसऱ्या महायुद्धातील अशा रोजनिशा लंडनजवळ क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागातही युद्धकालीन दप्तर आहे. रोजनिशीत कूच कोठून कोठे झाले, पाऊस किती होता, नदीला पूर आला होता का, खेचरे वर पोहोचली का, हे सारे सापडते आणि वडिलांनी कधीकाळी सांगितलेली एखादी तुटक गोष्ट त्यात चपखल बसते. जखमी किंवा मृत अधिकाऱ्याचे नाव लिहिलेले असते. शिपाई मेला की मात्र ‘आय.ओ.आर. तीन’ असे तीन अक्षरी संक्षेपापुढे आकडा लिहून ओळ संपते. ‘इंडियन अदर रँक्स’, म्हणजे हिंदी इतरेजन. गावच्या पाटीवर आकडा आणि पलटणीच्या वहीतही आकडाच!

नाव सापडते ते तिसऱ्याच ठिकाणी. १९१७ साली स्थापन झालेला आणि आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या नावाने ओळखला जाणारा आयोग दोन्ही महायुद्धांतील मृतांची नोंदवही ठेवतो. ती आज संगणकावर विनामूल्य पाहता येते. दुसऱ्या महायुद्धातील पुष्कळशा हिंदी सैनिकांच्या नोंदीत क्रमांक, हुद्दा, मृत्यूची तारीख यांबरोबर आईवडिलांची नावे, पत्नीचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा हेही दिलेले आहे. रोजनिशीतील ‘तीन’ हा आकडा आणि त्याची तारीख हाती असेल तर त्या तारखेची, त्या पलटणीची नावे नोंदवहीतून काढता येतात. दोन कागद शेजारी ठेवले की आकड्याची माणसे होतात. वडिलांच्या शोधात निघालेल्याने हे एवढे काम अवश्य करावे. त्यास फार तर दोन-चार संध्याकाळी लागतील.

मात्र नोंदवहीतील गावे वाचणे ही एक कलाच आहे. भरतीच्या वेळी कारकुनाने कानावर पडले तसे गाव रोमन लिपीत लिहिले. ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’, ‘ट’ आणि ‘त’ यांतील भेद त्या लिपीत उरत नाही. काही वेळा वाडीचे नाव आहे, गावाचे नाही. काही वेळा केवळ टपालाचे ठिकाण. त्यातच जिल्हे आणि राज्ये बदलत गेली. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, नंतर कोल्हापूर जिल्ह्यात आला. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून निघाला आणि कुलाब्याचे नाव रायगड झाले तेही त्याच वर्षी. कोल्हापूर, सावंतवाडी ही संस्थाने होती. बेळगाव शहराच्या अधिकृत नावातच २०१४ मध्ये बदल झाला. त्यामुळे चंदगड तालुक्यातील एखाद्या गावचा शिपाई बेळगाव जिल्ह्याच्या नावाखाली सापडतो आणि आजच्या सिंधुदुर्गातील सगळेच रत्नागिरी किंवा सावंतवाडीचे ठरतात. ही गाठ दिल्लीत किंवा लंडनमध्ये बसलेल्या कोणासही सुटणार नाही. ती सुटेल तालुक्याच्या शाळेतील शिक्षकाला, तलाठ्याला, जुन्या वाड्यांची नावे ठाऊक असलेल्या म्हाताऱ्याला. या कामात खेड्याची विद्या शहराच्या विद्येपेक्षा वरचढ आहे.

‘मग त्यांची समाधी कोठे?’ असे घरचे लोक विचारतात. हिंदू आणि शीख सैनिकांच्या देहांना शक्य तेथे अग्निसंस्कार दिला जाई, म्हणून त्यांच्या नावाचा दगड वेगळा नसतो. नाव दहनस्मारकावर असते. इटलीत अशी तीन दहनस्मारके आहेत: सांग्रो नदीजवळ, फोर्ली येथे आणि रिमिनी येथे. सांग्रोच्या स्मारकावर पाचशेहून अधिक नावे आहेत. केरनच्या युद्धस्मशानातही दहनस्मारक आहे. मुसलमान सैनिकांच्या कबरी त्याच आवारात असतात. दिल्लीच्या इंडिया गेटवर सर्वांची नावे आहेत ही समजूत मात्र चुकीची आहे. ते स्मारक ७०,००० हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ आहे. त्यावर कोरलेली नावे १३,००० च्या वर आहेत, आणि ती पहिल्या महायुद्धाच्या काळातील व १९१९ च्या अफगाण युद्धातील आहेत. दुसऱ्या महायुद्धातील वडिलांचा सोबती तेथे शोधू नये.

आजोबांच्या पिढीची स्थिती याहून कठीण. मेसोपोटेमियातील ४०,००० हून अधिक मृतांचे स्मारक बसरा येथे उभारण्यात आले (ते १९९७ साली नासिरियाच्या रस्त्यावर हलविण्यात आले). त्याच्या दगडावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची केवळ संख्या. नावे असलीच तर नोंदवहीत. हा भेदभाव होता, हे त्या आयोगानेच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात मान्य केले. पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे, मुख्यतः आशियाई आणि आफ्रिकी सैनिकांचे, स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि आणखी किमान १,१६,००० जणांचे नावाने किंवा मुळीच झाले नाही, असे तो अहवाल सांगतो. गावच्या पाटीवरील आकडा आणि बसऱ्याच्या दगडावरील आकडा ही एकाच हिशेबाची दोन पाने आहेत.

काही घरांत शोध वेगळ्याच जागी अडतो. वडिलांनी युद्धाबद्दल जन्मभर अवाक्षर काढलेले नसते आणि मुलांच्या मनात उगीचच शंका असते. काळ्या पाचवीचे, म्हणजे २/५ पलटणीचे, उदाहरण घ्या. लिबियातील टोब्रुकच्या संरक्षण-फळीत आग्नेय बाजूस ही पलटण होती आणि २० जून १९४२ रोजी पहाटे जर्मन विमानांचा व रणगाड्यांचा मुख्य घाव तिच्याच ठाण्यांवर पडला. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडले आणि हजारो लोक कैद झाले. या पलटणीतील माणसांनी पुढील काळ छावण्यांत काढला. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर इटलीतील छावण्यांतून अनेक कैदी निसटले आणि त्यांना तेथील शेतकऱ्यांनी लपवून ठेवले, भाकरी दिली. अशा घरातील मुलांनी ‘कैदी’ हा शब्द सापडताच कागद मिटवून ठेवू नये. पलटणीच्या सेनापतीने किंवा वरच्या सरकारने घेतलेल्या निर्णयाचे ओझे शिपायाच्या नावावर टाकण्याचे कारण नाही. आणि ज्यांचे वडील कैदेतच वारले, त्यांची नावेही मृतांच्या नोंदवहीत इतरांच्या बरोबरीने आहेत.

आता गावाने काय करावे ते पाहावयाचे. नावांची यादी करताना पहिला मोह होतो तो फक्त आपल्या घरच्यांचा, आपल्या भावकीचा. तो आवरावा. मराठा रेजिमेंटमध्ये कोकणी आणि देशावरचे मराठे होते, तसे दख्खनी मुसलमानही होते. महार सैनिकांची १११ वी पलटण पहिल्या महायुद्धात उभी करण्यात आली आणि १९२१ मध्ये मोडण्यात आली. नंतर दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९४१ मध्ये, महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली ती बेळगावातच. शिवाय खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, तोफखान्यात, खेचरांच्या ताफ्यात, इस्पितळांत, स्वयंपाकी, भिस्ती आणि मजूर म्हणून गेलेले लोक गावोगावी आहेत. त्यांच्या हातात बंदूक नव्हती म्हणून त्यांचे मरण हलके ठरत नाही. वेशीवरच्या पाटीने निदान मोजताना तरी आळी पाहिली नव्हती.

दुसरी गोष्ट पलटणींच्या नावांची. स्वातंत्र्यानंतरही पलटणींची नावे फिरली. तीन-पाच ही १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि आज ती त्या रेजिमेंटची दुसरी पलटण आहे. तिचा इतिहास विचारावयाचा तर बेळगावबरोबर पॅराशूट रेजिमेंटच्या बंगलोर येथील केंद्रासही लिहावे लागेल. अशा पत्रात एकाच वेळी दहा प्रश्न विचारू नयेत. क्रमांक, नाव, अंदाजे वर्ष आणि एक नेमका प्रश्न एवढे लिहिले तर उत्तर येण्याचा संभव वाढतो, हा दप्तरातील माणसांचाही अनुभव आहे.

स्मरणाचा समारंभ मोठा असण्याची गरज नाही. एखाद्या गावास कमान उभारणे परवडते, एखाद्यास परवडत नाही. कमानीच्या खर्चावरून दोन वर्षे वाद घालण्यापेक्षा शाळेच्या वहीत नावे उतरलेली बरी. जुनी पाटी काढून टाकू नये आणि तिच्यावर नवी अक्षरे कोरू नयेत. ती जशी आहे तशी साफ करून तिच्या शेजारी, तिच्याच उंचीवर, नावांची पाटी लावावी. प्रत्येक नाव नोंदवहीतील क्रमांकाशी आणि घरच्या माणसाच्या सांगण्याशी पडताळल्याशिवाय दगडावर घालू नये, कारण दगडावरची चूक दुरुस्त करणे महाग पडते. ज्यांच्याविषयी खात्री झालेली नाही त्यांची नावे वहीत राहू द्यावीत. घरच्यांची संमती घ्यावी. आणि नावे मराठीत, गावात ज्या उच्चाराने ती माणसे ओळखली जात त्या उच्चाराने लिहावीत; नोंदवहीतील रोमन नावाचे भाषांतर करून नव्हे.

शाळांनी हे काम हाती घेतल्यास सर्वांत उत्तम. नववीच्या वर्गाने एक वर्षात आपल्या गावातील दोन महायुद्धांच्या माणसांची वही करावी: एका पानावर एक माणूस, त्याचा क्रमांक, पलटण, मृत्यूची किंवा परतण्याची तारीख, घर, आणि माहिती कोणी दिली त्याचे नाव. पदके व कागद घरीच राहू द्यावेत, वहीत त्यांची नक्कल असावी. कौतुकाने शाळेत नेलेली पदके परत न आल्याची उदाहरणे थोडी नाहीत. वहीच्या तीन प्रती कराव्यात. एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. पावसाळ्यात कौले गळतात, वाळवी लागते, मुख्याध्यापकांची बदली होते. तिन्ही प्रती एकाच वर्षी नाहीशा होत नाहीत. आणि काम सुरू करावयाचे ते वयाने सर्वांत वडील असलेल्या घरापासून, येत्या दिवाळीच्या सुटीच्या आत.